तात्पुरता अपहार

बाबांच्या हाती पुस्तक दिलं की ते वाचत नाहीत, तपासतात. सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून उभी नोकरी काढली, हाताला वळणच ते पडलंय. माझा आतेभाऊ दिवाळीला दुबईहून आला. विमानात वाचून संपवलेलं ‘द की मॅन’ त्यानं आमच्या टेबलावर टाकलं आणि भाऊबीज उलटायच्या आत त्याच्या समासांत लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा उमटल्या. रक्कम कुठून आली आणि कुठे गेली, दोन्ही सापडलं की निळी टिक. एकच सापडलं की लाल प्रश्नचिन्ह. एका पानावर नुसतंच ‘व्हाउचर?’

“मामा, पुस्तक आहे ते. दप्तर नाही,” दादा म्हणाला.

“पैशाबद्दल लिहिलंय ना? मग दप्तरच.”

इथून जे सुरू झालं ते दोन दुपारी चाललं. मी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि मधूनच बोलत होते. पण वाद त्या दोघांचा. एक दुबईच्या डीआयएफसी या वित्तकेंद्रात वीस वर्षं, पुस्तकातल्या नव्हे, दुसऱ्याच एका कंपनीच्या फंडांचे हिशेब लिहिणारा. दुसरा पतसंस्थांच्या किर्द-खतावण्या उलथ्यापालथ्या करून निवृत्त झालेला.

पुस्तक एका प्रायव्हेट इक्विटी कंपनीचं. प्रायव्हेट इक्विटी म्हणजे काय, हे बाबांनी आधी स्वतःच्या भाषेत लावून घेतलं.

“दुसऱ्याच्या पैशानं चालत्या कंपन्या घ्यायच्या, चार-सहा वर्षं वाढवायच्या आणि विकायच्या. सांभाळल्याबद्दल दरसाल शेकडा दोन, नफा झाला तर त्यात पाचवा हिस्सा. बरोबर?”

“साधारण.”

“आणि सगळा पैसा आधी आणून ठेवत नाहीत. सभासद आकडा कबूल करतो. खरेदी ठरली की व्यवस्थापक मागणीपत्र काढतो, मग भरणा.”

“कॅपिटल कॉल म्हणतात.”

“काहीही म्हणा. मागणी कशासाठी, ते त्या पत्रात लिहितात की नाही?”

“लिहितात.”

“झालं तर.” बाबांनी पेन्सिल कानामागे खोचली. त्यांच्या लेखी खटला तिथंच संपला. दादाच्या लेखी तो अजून सुरूही झाला नव्हता.

पुस्तक आहे आरिफ नकवी आणि त्यांच्या अबराज ग्रुपबद्दल. लिहिलंय सायमन क्लार्क आणि विल लाउच या वॉल स्ट्रीट जर्नलच्या दोन बातमीदारांनी, २०२१ मध्ये. नकवी कराचीचे, शिक्षण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं. २००२ मध्ये त्यांनी दुबईत अबराज काढली आणि पंधरा वर्षांत ती सुमारे १४०० कोटी डॉलर सांभाळू लागली. आफ्रिका, दक्षिण आशिया, तुर्कस्तान, लॅटिन अमेरिका. आपल्याकडे बिगबास्केटमध्ये २०१६ साली जे परदेशी भांडवल आलं त्यात अबराज पुढे होती.

दादा त्यांना ‘नकवी साहेब’ म्हणतो, बाबा ‘तुझा तो नकवी’.

“मामा, अबराजच्या आधी कराची, लागोस, नैरोबी ही नावं काढली की न्यूयॉर्कचा माणूस फाइल मिटायचा. नकवी साहेबांनी त्यांना सांगितलं, इथं मध्यमवर्ग आहे, इथं दवाखाने चालतील, शाळा चालतील. पैसे कमवा आणि भलंही करा. कराचीत त्यांच्या अमन फाउंडेशनच्या रुग्णवाहिका धावायच्या. स्वतःचे दहा कोटी डॉलर देतो म्हणाला होता माणूस. आणि ती वीज कंपनी बघा. २००९ च्या सुमारास के-इलेक्ट्रिक हातात आली तेव्हा शंभर युनिट सोडली की पस्तीसच्या वर गळायची. तारेवर सरळ कुंडा टाकायचा की घरात पंखा सुरू.”

“आकडा,” बाबा म्हणाले.

“आपला आकडा, त्यांचा कुंडा. यांनी फीडरवार गळती मोजली. जिथं लोक बिल भरतात तिथं भारनियमन नाही. जिथं चोरी जास्त, तिथं तासन् तास अंधार.”

हे बाबांना नवं नव्हतं. महावितरणनंही गळती आणि वसुली बघून फीडरांचे ए ते जी गट केलेच होते, आणि यंत्रमागांच्या भिवंडीत २००७ मध्ये वितरणच टोरंटच्या हाती दिलं होतं. त्यामुळे दादा म्हणाला, “२०१२ मध्ये कंपनीनं सतरा वर्षांत पहिल्यांदा नफा दाखवला,” तेव्हा बाबांनी मान हलवली. निळी टिक.

“पण २०११ मध्ये चार हजारांवर कामगार काढायला निघाले होते, ते पण आहे. आणि २०१५ च्या उन्हाळ्यात, ऐन रमजानात, कराचीत उष्म्यानं हजारावर माणसं गेली तेव्हा लोक कुणाच्या नावानं बोटं मोडत होते?”

“उष्माही कंपनीनं आणला का, मामा?”

“नाही. ते खातं मी तिच्यावर टाकत नाही.”

असा हा वाद. दोघंही आकड्याला मान देणारे, त्यामुळे आवाज चढत नाही. पण ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

कंपनी रुळावर आली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये अबराजनं आपल्याकडचा ६६.४ टक्के हिस्सा शांघाय इलेक्ट्रिक पॉवरला १७७ कोटी डॉलरला विकायचं ठरवलं. हा पैसा वेळेवर हातात पडता तर पुढचं रामायण कदाचित बाहेर आलंच नसतं. पण वीज कंपनी म्हटली की सरकार आलं. तिच्यात सरकारचा जवळपास चौथा हिस्सा, वर गॅसच्या थकबाकीचं भांडण, वर नियामकानं कापलेला दर. परवानगी लांबत गेली. आणि इथं तो आरोप येतो, जो वॉल स्ट्रीट जर्नलनं २०१८ मध्ये छापला: नवाझ आणि शाहबाज शरीफ या बंधूंचं सहकार्य मिळावं म्हणून अबराजनं एका मध्यस्थ व्यावसायिकाला २ कोटी डॉलरचं कंत्राट देऊ केलं होतं. शरीफ बंधूंच्या बाजूनं याचा इन्कार झाला, नकवींनी गैर काही केल्याचं नाकारलं.

“दोन कोटी डॉलर,” बाबा म्हणाले. “म्हणजे वीस मिलियन. आकडा ओळखीचा वाटतो का?”

दादाला वाटला नाही. १९९५ मध्ये तो कॉलेजात होता. मला वाटला. त्या जानेवारीत एन्रॉनच्या लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की दाभोळ प्रकल्पासाठी लोकांचं ‘शिक्षण’ आणि प्रकल्पाची जुळवाजुळव यांवरच कंपनीचे सुमारे वीस मिलियन डॉलर खर्ची पडले. कुणाला शिकवलं, काय शिकवलं, फी कुणी घेतली, यावर महाराष्ट्रात त्या वर्षी पानटपरीपासून मंत्रालयापर्यंत एकच चर्चा होती. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या गर्जना झाल्या, युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला, राज्य सरकारनं कोर्टात दावा लावला. मग पुन्हा बोलणी झाली, दावा मागे घेतला गेला आणि प्रकल्प समुद्राऐवजी अंजनवेलच्या कड्यावर उभा राहिला. शिक्षणाचा हिशेब कुणालाच मिळाला नाही.

“शिक्षणखर्च म्हणा, सल्लागार शुल्क म्हणा,” बाबा म्हणाले. “व्हाउचरवर ‘लाच’ हा शब्द मी नोकरीत एकदाही पाहिला नाही.”

“म्हणजे सिद्ध काहीच नाही!”

“नाहीच. म्हणून तिथं प्रश्नचिन्ह केलंय, फुली नाही. ते सोड. क्रिकेटचं पण सोड.”

क्रिकेटचं म्हणजे वूटन क्रिकेट ही केमन बेटांवरची नकवींची कंपनी. तिच्याकडून इम्रान खान यांच्या पक्षाला २१ लाख डॉलरांवर रक्कम गेली आणि पाकिस्तानच्या निवडणूक आयोगानं २०२२ मध्ये ती निषिद्ध निधीत धरली. मला हे प्रकरण फार रंजक वाटतं. बाबांना अजिबात नाही. राजकारण्यांना पैसे पोचणं हा त्यांच्या मते हवामानाचा भाग आहे.

“माझं भांडण १०० कोटींच्या पानाशी आहे,” ते म्हणाले.

ते पान असं. अबराजनं २०१६ मध्ये १०० कोटी डॉलरचा आरोग्य फंड उभा केला. गेट्स फाउंडेशनचे १० कोटी, शिवाय जागतिक बँकेची आयएफसी, ब्रिटिश सरकारची सीडीसी, फ्रान्सची प्रोपार्को. नैरोबी, लागोस, लाहोर, कराची इथं गरीब आणि मध्यमवर्गीयांना परवडतील अशी रुग्णालयं घ्यायची, बांधायची. भारतात हैदराबादच्या केअर हॉस्पिटल्सचा मोठा हिस्सा घेतला. त्याच साखळीचं एक रुग्णालय आमच्या नागपुरात पंचशील चौकाजवळ आहे.

“२०१७ मध्ये तुमची अँजिओग्राफी तिथंच झाली,” दादानं आठवण करून दिली. “तो फंड होता म्हणून—”

“माहीत आहे.” बाबांनी टेबलाच्या खणातून एक फाइल काढली. पान वाचल्यावर त्यांनी ते जुनं बिल हुडकून काढलं होतं. “बिल चोख आहे. डॉक्टरही चांगला होता. माझ्या छातीत त्यांनी जे केलं त्याची मला पावती आहे. गेट्सकडून जे घेतलं त्याची पावती त्यांना का मिळेना, एवढंच मी विचारतोय.”

मागणीपत्रं निघाली, सभासदांनी पैसे भरले. पण जमीन, परवाने, बांधकाम मागे पडलं आणि बरीच रक्कम न वापरता राहिली. अशी रक्कम परत करायची किंवा फंडाच्या खात्यात ठेवायची. सप्टेंबर २०१७ मध्ये गेट्स फाउंडेशनकडून विचारणा झाली: आमचे पैसे नक्की कुठे आहेत? मग बाकीचेही विचारू लागले. २०१८ च्या फेब्रुवारीत बातमी फुटली. २० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा माग काढायला गुंतवणूकदारांनी स्वतःची तपासणी कंपनी नेमली होती.

अमेरिकी सरकारी वकिलांच्या आरोपपत्रात यापुढचा भाग आहे आणि बाबांनी तो तीनदा वाचला असावा, पानाची घडी सांगत होती. फंडाचं हिशेबी वर्ष ३० जूनला संपत होतं. त्या तारखेला सुमारे २० कोटी डॉलरची तूट दिसली असती. म्हणून वर्षअखेरच बदलली, असा आरोप. शिवाय या आणि दुसऱ्या एका फंडातली खिंडारं झाकायला सुमारे ३५ कोटी डॉलर तात्पुरते उसने आणले, खात्यात दाखवले, त्या तारखेची शिल्लक लेखापरीक्षकांना आणि गुंतवणूकदारांना दिली.

“आमच्याकडे एकतीस मार्च कुणाच्या बापाला टळत नाही,” बाबा जवळजवळ कौतुकानं म्हणाले. “यांनी वर्षच पुढे सरकवलं.”

“मामा, ब्रिज लोन सगळेच घेतात.”

“याला पतसंस्थेत काय म्हणतात, सांगू? नवं-जुनं. थकलेलं कर्ज मार्चमध्ये नव्या कर्जातून भरून घ्यायचं. एप्रिलमध्ये कर्जदार तोच, घर तेच, थकबाकी शून्य. एका संस्थेत मी विचारलं, हा माणूस मेलाय ना? सचिव म्हणाला, साहेब, खातं जिवंत आहे.”

दादा हसला, पण मग हट्टाला पेटला. त्याचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण ते मूर्खपणाचं नाही. अबराजचा पसारा मोठा. वीसेक देशांत कचेऱ्या, शेकडो माणसं, विमान, परिषदा. व्यवस्थापन शुल्कातून तो खर्च वर्षानुवर्षं भागत नव्हता, मधली फट कर्जानं बुजवायची. कधी या फंडातून उचलायचं, त्यात परत करायचं. चोराला बुडवायचं असतं. हे तर परत भरत होते! शांघायचे १७७ कोटी आले असते तर प्रत्येक पैसा आपापल्या खात्यात बसला असता आणि आज नकवी साहेब दावोसला भाषण देत असते.

“तात्पुरता अपहार,” बाबा म्हणाले.

“काय?”

“अहवालातला शब्द आहे. संस्थेची रक्कम उचलली, वापरली, व्याजासकट परत भरली, तरी आम्ही लिहायचो: तात्पुरता अपहार. भारतीय दंड संहिता, कलम ४०३, स्पष्टीकरण पहिलं. काही काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहार हाही अपहारच. खाली उदाहरण दिलंय. एकाला दुसऱ्याची सरकारी वचनचिठ्ठी सापडते. कुणाची ते त्याला ठाऊक असतं. पुढे परत करू या इराद्यानं तो ती सावकाराकडे तारण ठेवून कर्ज काढतो. गुन्हा झाला. १८६० सालचं आहे हे. तेव्हा दुबईत काय होतं?”

“मोती काढत होते.”

“आता आपल्याकडे संहितेचं नाव बदललं, कलमाचा नंबर बदलला. पण पाकिस्तानात अजून तीच जुनी, हेच कलम. तुझ्या नकवीच्या कराचीतल्या कोर्टातसुद्धा चालतं ते. परत भरलं की नाही, हा प्रश्न नंतरचा. ज्या दिवशी हललं, त्या दिवशी झालं.”

पहिली दुपार इथं संपली. दादा झोपायला गेला नाही. गच्चीवर फोनवर काहीतरी शोधत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी तो तयारी करून आला.

“मामा, हे वाचा. कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांचा पेन्शन फंड, कॅलपर्स. त्याचा मुख्य अधिकारी फेडरिको ब्युएनरोस्ट्रो. अपोलो नावाच्या अमेरिकी प्रायव्हेट इक्विटी कंपनीत पेन्शनचा पैसा आणून देणाऱ्या दलालाकडून यानं दोन लाख डॉलर रोख घेतले. कागदी पिशवीत, आणि एक हप्ता तर बुटाच्या खोक्यात. सॅक्रामेंटोत, विधानभवनासमोरच्या हॉटेलात. कबूल केलंय त्यानं. साडेचार वर्षं शिक्षा, २०१६ मध्ये.”

“आणि दलाल?”

“खटला उभा राहायच्या आधी त्यानं जीव दिला. त्याच्या कंपनीला अपोलोकडून चार कोटी डॉलरांच्या वर दलाली मिळाली होती. अपोलोवर आरोप झाला नाही, उलट खोट्या पत्रांनी फसवलेली कंपनी म्हणून तिचं नाव आलं. मी काय म्हणतो, बुटाचं खोकं सापडलं तरी कंपनी शाबूत. आणि कराचीच्या माणसाला हीथ्रोवर धरतात!”

१० एप्रिल २०१९ ला नकवींना हीथ्रो विमानतळावर अटक झाली. जामीन दीड कोटी पौंडांचा. ब्रिटनमधला तोवरचा सर्वांत मोठा, असं तेव्हा छापून आलं. जानेवारी २०२१ मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी अमेरिकेकडे पाठवायला हरकत नाही असं म्हटलं, त्याविरुद्ध ते लढत राहिले. सगळे आरोप त्यांनी नाकारले आहेत. मात्र त्यांचे भागीदार मुस्तफा अब्देल-वदूद न्यूयॉर्कमध्ये पकडले गेले आणि जून २०१९ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. दुबईच्या वित्तीय नियामकानं अबराजच्या दोन कंपन्यांना मिळून ३१ कोटी डॉलरांवर दंड ठोठावला, आणि २०२२ मध्ये स्वतः नकवींना १३ कोटी ५६ लाख.

“२००८ मध्ये जग बुडवलं त्या वॉल स्ट्रीटवरचे कितीजण आत गेले?” दादा विचारत होता. “डॉलर न्यूयॉर्कच्या बँकेतून गेला की अमेरिकेचा कायदा लागू. आपल्या रंगाचा माणूस त्यांच्या टेबलावर बसला की टाळ्या, चुकला की बेड्या.”

मला इथं दादाचं पटतं. त्या पंक्तीत वाढप सारखं नसतं, हे खरंच आहे. पण पटूनही पुढे जाता येत नाही. आपल्या पानात कमी पडलं म्हणून शेजारच्याच्या पानातलं उचलता येतं का?

बाबा वेगळ्याच वाटेनं गेले. “कंपनी पाडली कुणी? अमेरिकेनं?”

दादा गप्प.

“कुवेतच्या पेन्शन संस्थेनं. तिचं १० कोटी डॉलरचं कर्ज थकलं, तिनं मे २०१८ मध्ये केमनच्या कोर्टात अर्ज केला. शारजातल्या मूळ भागधारकाला दिलेले ३० कोटींच्या आसपासचे चेक वटले नाहीत. आणि तू आलास ते विमान कुणाचं?”

“एअर अरेबिया.”

“शारजाची, सामान्य माणसाची विमानकंपनी. नागपूर, कोची, कुठं कुठं जाते. तिचे ३३ कोटी ६० लाख डॉलर अबराजकडे अडकले. नकवी तिच्याच संचालक मंडळावर होता. म्हणजे मार्चएंडला उसनं द्यायला घरचीच माणसं. हे सगळे काय गोरे आहेत? कुवेतचे पेन्शनर गोरे?”

“मग हे सगळं दिसलं कसं नाही कुणाला? केपीएमजी होती ना ऑडिटला?” दादा खवळून म्हणाला. “तिथल्या प्रमुखाचा मुलगा अबराजमध्ये नोकरीला होता, छापून आलंय. तिनंच तपासून सांगितलं, सगळं ठीक. ही तुमची बिरादरी, मामा! तुम्ही लोक ‘अ’ वर्ग देता आणि सहा महिन्यांत पतसंस्थेला कुलूप लागतं. मी चोराची बाजू घेतोय म्हणता, पण पहारेकऱ्याचं काय?”

बाबा एवढा वेळ फाइल, पुस्तक, पेन्सिल असं काही ना काही हातात धरून होते. ते त्यांनी सगळं टेबलावर ठेवलं.

“एका संस्थेला मी ‘अ’ वर्ग दिला होता,” ते म्हणाले. “तालुक्याचं नाव कशाला. अध्यक्षांचं जिनिंग होतं. एकतीस मार्चच्या संध्याकाळी शिल्लक मोजायला बसलो. रोजकीर्दीप्रमाणे सहा लाख चाळीस हजार. पेटीत बरोब्बर सहा लाख चाळीस हजार. सुट्ट्या नाण्यांसकट. मी चाळीसएक संस्थांची शिल्लक मोजली असेल, दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतातच. इथं नाहीत.”

“मग?”

“बंडलांवर बँकेची चिठ्ठी असते, शिक्का, तारीख, कॅशियरची सही. सगळ्या बंडलांवर त्याच दिवशीची तारीख, आणि ज्या बँकेची चिठ्ठी तिच्यात त्या संस्थेचं खातंच नव्हतं. मी एक चिठ्ठी उचलून बघितली. अध्यक्ष बघत होते. त्यांनी चहा मागवला. मी चिठ्ठी होती तशी खाली ठेवली.”

“लिहिलं नाहीत?”

“शिल्लक मोजली, बरोबर आढळली. असं लिहिलं. खोटं एक अक्षर नाही त्यात.”

मी हे कधी ऐकलं नव्हतं. आई असती तर तिला माहीत असतं की नाही, कुणास ठाऊक. बाहेर शेजारच्या पोरांनी उरलेले फटाके काढले होते, एक लवंगी अर्धवट वाजून थांबली.

“संस्था दोन वर्षांनी बसली. चौकशी झाली, माझ्या अहवालावरही बोट आलं, पण अहवाल बरोबर होता. शिल्लक होतीच ना. त्या दिवशी.”

“का नाही लिहिलंत?” हे मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, दादाकडे पाहिलं. “तुझे वडील गेले होते. ताईनं मला म्हटलं, पोराला कुठं तरी चिकटव.”

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “कुठलं वर्ष?”

“सत्त्याण्णव.”

“मी जिनिंगमध्ये दिवाणजींच्या हाताखाली लागलो होतो नुकताच.”

“हो.”

“त्या दिवशी दुपारी त्यांनी मला बँकेत पाठवलं. पैसे काढून संस्थेत नेऊन दे म्हणाले. लुनाच्या पुढ्यात पिशवी ठेवून मीच नेले मामा. कापसाच्या बोऱ्याचं फडकं टाकलं होतं वरून.”

“खिडकीतून दिसलास.”

“आणि दोन तारखेला परत आणायला पण मीच गेलो होतो. मला वाटलं, अशीच रीत असेल.”

“परत नेलेस तेव्हा पोच दिलीस कुणाला? सही वगैरे?”

“नाही. कुणी मागितलीच नाही.”

“मीसुद्धा नाही,” बाबा म्हणाले.